वाड्यात सापडलेली जुनी बंदूक कशी ओळखायची: आधी नळी, मग घोडा, मग ठसे

प्रश्न असा आहे: वाड्याची आवराआवर करताना माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक लांब बंदूक सापडली. घरातले सांगतात की ती पणजोबांची. लांबी साधारण साडेचार फूट, बुडाला पितळ, उजव्या बाजूला टोपीचा घोडा, घोड्याच्या पाटीवर मुकुट, इंग्रजीत ‘टॉवर’ हा शब्द आणि अठराने सुरू होणारे पुसट साल. कोणी म्हणते पेशवाईतली, कोणी म्हणते सत्तावनच्या बंडातली. परवान्याचा कागद सापडत नाही. ही बंदूक नेमकी कोणती, आणि ती घरात ठेवता येते का?

पेशवाईतली नाही, एवढे वर्णनावरूनच सांगता येते. बाकीचे ठरवायला बंदूक नीट वाचावी लागेल. पण त्याआधी एक गोष्ट तपासायची आहे, ती म्हणजे बंदूक भरलेली आहे का.

ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकीत बार भरला की तो काढायचा सोपा मार्ग एकच असतो, उडवणे. त्यामुळे रानडुकरासाठी किंवा चोराच्या भीतीने भरलेली आणि मग तशीच खुंटीला टांगलेली बंदूक पिढ्यान्‌पिढ्या भरलेलीच राहते. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती कोरडी असेल तर शंभर वर्षांनीही पेटते. ‘नळीत पाणी ओतले की दारू मेली’ ही समजूत चुकीची आहे. ओली दारू वाळली की पुन्हा पेट घेऊ शकते, आणि मधल्या काळात पाण्याने नळी आतून गंजून जाते ते वेगळेच.

घोड्याखालच्या निपलवर, म्हणजे घोडा आपटताच पेटणारी टोपी जिथे बसते त्या छोट्या नळीवर, तांब्याची टोपी चिकटलेली दिसली तर तिथेच थांबा. घोडा उचलू नका, टोपी खरवडू नका, बंदूक कोणाकडे तोंड करून फिरवू नका. पोलीस ठाण्याला कळवा आणि ती आर्मररच्या, म्हणजे पोलिसांच्या शस्त्र-कारागिराच्या हातून उतरवून घ्या. टोपी नसेल तर बंदूक सतरंजीवर आडवी ठेवा, तोंड मोकळ्या भिंतीकडे करा, आणि बाजूला उभे राहून नळीत एक गुळगुळीत लाकडी काठी हलक्या हाताने आत सरकवा. लोखंडी गज नको, ठोकणे नको. काठी अडेल तिथे नळीच्या तोंडाशी पेन्सिलीची खूण करा. मग तीच काठी नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी धरून लावा. काठीचे टोक निपलच्या जवळपास पोचले तर नळी रिकामी. दोन-तीन इंच अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. ते कुंभारमाशीचे मातीचे घर असेल, चिंधी असेल, नाहीतर दारू आणि गोळी असेल. बाहेरून यातला फरक कळत नाही, म्हणून तिन्ही वेळा बंदूक भरलेलीच धरायची. ड्रिल, गरम सळई, स्क्रूने उपसणे यातले काहीही घरी करायचे नाही.

काडतुसाची बंदूक असेल तर ती मधून मोडून मागून नळीत बघता येते. आत अडकलेले काडतूस निघत नसेल तर त्यालाही हात लावू नका.

आता मापे. ओळखीचा निम्मा भाग इथेच होतो आणि नेमका तोच लोक टाळतात. फोटो काढून ‘ही किती जुनी’ म्हणून विचारतात, पण नळीच्या तोंडाचे माप देत नाहीत. चार मापे घ्या: एकूण लांबी, नळीची लांबी (मघाच्या काठीने आतून), नळीच्या तोंडाचा आतला व्यास व्हर्नियर कॅलिपरने, आणि वजन. व्यास दोन-तीन दिशांनी मोजा, कारण दारू ठासायचा गज घासून घासून तोंड एका अंगाला झिजलेले असते आणि एकच माप फसवते. मग टॉर्चचा उजेड तिरपा टाकून नळीत पाहा. आत पीळ दिलेल्या खाचा दिसतात की नळी सरळ गुळगुळीत आहे? खाचा असतील तर त्या मोजा.

मग आग कशी लागते ते पाहायचे. बंदुकीचा काळ सांगणारी सगळ्यात भरवशाची खूण हीच.

तोड्याच्या बंदुकीत घोडा नसतोच. दस्त्याच्या, म्हणजे लाकडी भागाच्या फटीतून एक बारीक वाकडी चिमटी वर येते, तिच्यात जळती जामगी, म्हणजे वात धरायची. चाप वर ओढला की ती नळीच्या उजव्या अंगाच्या रंजकाच्या, म्हणजे पेटवायच्या दारूच्या वाटीत टेकते आणि वाटीतून कानावाटे, म्हणजे नळीच्या बारीक भोकावाटे आग आत जाते. या बंदुकांचा दस्ता सडपातळ असतो, नळी दस्त्याला चामड्याच्या वादीने किंवा तारेने बांधलेली असते आणि बऱ्याचदा कान मोकळा करायची सुई साखळीला लटकत असते. मराठेशाहीतली बंदूक म्हणून कोणी दाखवली तर ती बहुतेक अशी असली पाहिजे. गोव्यात पोर्तुगीजांच्या आश्रयाने वेगळी घडण तयार झाली. तिच्यात चिमटी स्प्रिंगने झटकन पडते आणि स्प्रिंग बाहेरच्या अंगाला दिसते. तीच घडण पुढे श्रीलंकेत आणि १५४३ नंतर जपानमध्ये पोचली. कोकणात किंवा गोव्यात बाहेर स्प्रिंग असलेली तोड्याची बंदूक मिळाली तर ती जाणकाराला दाखवल्याशिवाय कोणाच्याही हाती देऊ नका.

गारेच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते आणि ती समोरच्या उभ्या पोलादी पट्टीवर आपटते. आपल्याकडे या बंदुका मोठ्या संख्येने आल्या त्या इंग्रजांच्या पलटणींबरोबर आणि महादजी शिंद्यांनी दि बॉयन या युरोपीय सेनानीकरवी उभ्या केलेल्या कवायती पायदळाबरोबर. कंपनी सरकारची नेहमीची बंदूक म्हणजे इंडिया पॅटर्न मस्केट. नळी ३९ इंच, आत गुळगुळीत, व्यास सुमारे ०.७५ इंच म्हणजे १९ मिलिमीटर. तिच्या नळीला बाहेरून पट्टे नसतात, नळी दस्त्यातून आडव्या खिळ्यांनी धरलेली असते. घोड्याची मान १८०९ च्या आधी हंसाच्या मानेसारखी नुसती वाकडी होती, नंतर तिला आधार देऊन मधे भोक ठेवले. पाटीवर कंपनीची खूण पाहा. जुन्या बंदुकांवर चार भाग केलेले हृदय आणि त्यात कंपनीची आद्याक्षरे असतात, साधारण १८०८ नंतर मागच्या पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह येतो.

टोपीची बंदूक, जिला कोकणात केपाची म्हणतात, ती १८४० च्या आसपास पलटणींत रुळली. गारेच्या अनेक बंदुका तेव्हा टोपीच्या करून घेतल्या गेल्या. अशा रूपांतराची खूण पाटीवर राहते. जिथे वाटी आणि पोलादी पट्टी होती तिथली भोके पितळाने किंवा लोखंडाने बुजवलेली दिसतात. त्यामुळे पाटीवर १८१० असले म्हणून घोडाही १८१० चा असेल असे नाही. उलटही घडते. जुनी तोड्याची नळी गावच्या कारागिराने नव्या दस्त्यावर बसवून टोपीची केलेली असते. म्हणून नळी, पाटी आणि दस्ता यांचे वय वेगवेगळे मोजायचे आणि शेवटी एकत्र मांडायचे.

आता तुमच्या बंदुकीकडे. टोपीचा घोडा, पितळी बुड, मुकुट, ‘टॉवर’, साडेचार फूट: हे वर्णन १८५३ च्या एनफिल्डकडे बोट दाखवते. ही लढाऊ रायफल एकूण ५५ इंच लांब, नळी ३९ इंच, वजन सव्वाचार किलोच्या आसपास. नळीला तीन लोखंडी पट्टे, पितळी बुड, पितळी चापकडे आणि पुढच्या टोकाला पितळी टोपण. नळीचा व्यास ०.५७७ इंच म्हणजे १४.७ मिलिमीटर, आत तीन रुंद, उथळ खाचा. १८५७ च्या काडतुसांचा वाद ज्या बंदुकीवरून पेटला ती हीच. म्हणून पाटीवर १८५६ किंवा १८५७ दिसले की ‘बंडातली’ ही कथा लगेच चिकटते. साल बंदूक बनल्याचे असते. ती इथे कधी आली आणि कोणाच्या हातात होती, ते साल सांगत नाही.

‘टॉवर’ या शब्दाने तर लोक नेहमी फसतात. त्याचा अर्थ लंडनच्या टॉवरमध्ये बनलेली असा नाही. बर्मिंगहॅमच्या ठेकेदारांनी सुटे भाग बनवले, ते सरकारी तपासणीतून गेले आणि त्यांच्यावर हा शब्द आला. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात बनलेलीवर ‘एनफिल्ड’ असेच कोरलेले असते. घोड्यामागे, पाटीच्या शेपटीकडे पाहा. मुकुटाखाली ‘व्ही आर’ ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरे असतील तर बंदूक सरकारी. मुकुट आहे आणि अक्षरे नाहीत, तर बहुधा व्यापारासाठी बनलेली, म्हणजे कोणीही विकत घेऊ शकेल अशी. लष्करी मालावर तीन रेघांचा बाण असतो. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर हिंदुस्थानच्या सरकारी भांडाराची मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर ठोकलेले असतील तर ती बंदूक सेवेतून काढून विकलेली. हा शेवटचा ठसा फार मोलाचा आहे, कारण खासगी घरात ती कशी आली याचे उत्तर बऱ्याचदा त्यातच असते. दस्त्याच्या उजव्या गालावर गोल शिक्का आहे का, तेही बघा. लाकडावरचा शिक्का हाताने घासून गेलेला असतो, तिरप्या उजेडात उमटतो.

आता नळीत पाहा. तीन खाचा दिसल्या तर ती मूळ एनफिल्ड. नळी गुळगुळीत निघाली तर दोन शक्यता. बंडानंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींच्या हाती रायफल द्यायची नाही असे ठरवले आणि बाहेरून तशीच दिसणारी, पण गुळगुळीत आणि ०.६५ इंच व्यासाची १८५८-५९ ची घडण बनवली. तिच्यात लांब पल्ल्याच्या नेमासाठी आकडे कोरलेली उभी शिडी नसते, साधा ठोकळा असतो. दुसरी शक्यता अशी की मूळ रायफलच्या खाचा नंतर कोणीतरी घासून काढल्या, छर्रे उडवता यावेत म्हणून. तेव्हा माप १४.७ पेक्षा थोडे जास्त भरते, पण १६.५ मिलिमीटरपर्यंत जात नाही, आणि शिडीची जागा नळीवर उरलेली असते. म्हणजे कॅलिपरच्या दोन मिलिमीटरवर तुमच्या बंदुकीचा इतिहास ठरतो. नळी मागच्या बाजूला उजवीकडे झाकणासारखी उघडत असेल तर तिसरेच उत्तर: ती १८६६ नंतरची स्नायडर, काडतुसाची केलेली एनफिल्ड.

बंदुकीवर देवनागरी आकडे किंवा अक्षरे दिसली तर? इथे घाई करू नका. देवनागरी म्हणजे मराठी दरबार असे धरून अनेकजण फसतात. नेपाळमध्ये इंग्रजी घडणीच्या रायफली मोठ्या प्रमाणावर बनल्या आणि त्यांवर देवनागरीच आकडे असतात. राजस्थानी संस्थानांच्या शस्त्रागारांतही नळीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले क्रमांक दिसतात. अक्षरांचे वळण, भाषा आणि सनाची पद्धत बघायला हवी. शके असेल तर ७८ मिळवा, संवत असेल तर ५७ वजा करा, हिजरी असेल तर ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. शके १७०५, संवत १८४० आणि हिजरी ११९८ हे तिन्ही इसवी १७८३-८४ च्या आसपास येतात. आकडा कोणत्या सनाचा ते न ठरवता सरळ इसवी म्हणून वाचला की सत्तावन्नपासून जवळजवळ सहाशे वर्षांपर्यंतची चूक होते. आणि नुसता तीन-चार अंकी आकडा असेल तर तो बहुतेक सन नसतोच, कपाटाचा किंवा नोंदणीचा क्रमांक असतो. इंग्रजी अमलात १८७८ च्या हत्यार कायद्यानंतर परवान्याच्या नोंदी सुरू झाल्या आणि बऱ्याच खासगी बंदुकांवर जिल्ह्याची अक्षरे आणि क्रमांक ठोकले गेले. तो ठसा सापडला तर जुन्या दप्तरात शोधायला तुम्हाला धागा मिळतो.

वारशात सगळ्यात जास्त सापडते ती मात्र लष्करी बंदूक नव्हे, दुनळी शिकारीची बंदूक. तिची ओळख नळीच्या खालच्या अंगाला असते. नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्यावर (हे काम परवानाधारक विक्रेत्याकडेच करून घ्या) मागच्या चपट्या भागावर ठसे दिसतात. मुकुटाखाली ‘जी’ आणि ‘पी’ एकमेकांत गुंफलेली अक्षरे, आणि शेजारी मुकुटाखाली ‘व्ही’: नळीच्या मजबुतीची लंडनमध्ये झालेली चाचणी. मुकुट आणि त्याखाली फुलीसारखे दोन राजदंड, फटींत ‘बी’, ‘पी’, ‘सी’ किंवा ‘व्ही’: बर्मिंगहॅमची, १८१३ ते १९०४ मधली. त्यानंतर बर्मिंगहॅमने मुकुटाखाली ‘बीपी’ आणि ‘बीव्ही’ अशी साधी अक्षरे घेतली. लंबगोलात ‘ई, एल, जी’ असेल तर बेल्जियममधले लिएज, आणि लंबगोलावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची. ‘नॉट फॉर बॉल’ हे शब्द १८७५ ते १८८७ या बारा वर्षांतच ठोकले जात. एवढा नेमका कालखंड देणारी दुसरी खूण क्वचित मिळते. चौकटीतला १२ किंवा १६ हा आकडा बोअरचा. एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा व्यास म्हणजे १२ बोअर, साधारण १८.५ मिलिमीटर. १६ बोअर सुमारे १६.८.

दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलेले नाव हे बनवणाऱ्याचे असेल असे नाही. कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या दुकानांनी बर्मिंगहॅम किंवा बेल्जियमहून माल आणून त्यावर स्वतःचे नाव कोरले. ‘मँटन’ हे नाव तर इतके चालले की ते स्वस्त मालावरही घातले गेले. लंडनचा नामवंत बंदूक बनवणारा जोसेफ मँटन स्वतः १८३५ साली वारला. तेव्हा काडतुसाच्या बंदुकीवर त्याचे नाव असेल तर ती त्याच्या हातची नाही, हे उघड आहे. पट्टीवर नाव ‘मँटन’ आणि खाली लंबगोलात लिएजचा ठसा, अशी जोडी बऱ्याचदा दिसते, आणि अशा वेळी ठसा खरा मानायचा. पत्ता मात्र काळ सांगतो. हॉलंड अँड हॉलंडच्या बंदुकीवर ९८ न्यू बाँड स्ट्रीट असेल तर ती १८६६ ते १९६० मधली. अशा मोठ्या कंपन्यांच्या जुन्या वह्या टिकून आहेत. क्रमांक कळवला तर बंदूक कोणत्या साली, कोणासाठी बनली ते त्या शोधून देतात. पिळाच्या, म्हणजे दमास्कस नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते. त्या नळ्यांत आजची काडतुसे घालायची नाहीत. जुन्या चेंबरची, म्हणजे काडतूस बसते त्या जागेची लांबी बहुतेक अडीच इंच असते आणि आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस आत बसलेले दिसले तरी उघडताना त्याचे तोंड पुढच्या अरुंद भागात अडकते, दाब वाढतो आणि नळी फाटते.

नकली मालाचे थोडे. सजावटीसाठी बनवलेल्या बंदुकांना नळी म्हणून पाण्याचा पाइप असतो आणि आत बोट फिरवले की जोडाची रेघ लागते. कान आरपार गेलेला नसतो. पितळेवर साच्याची उभी रेघ, सगळ्या स्क्रूंच्या खाचा एकसारख्या रुंदीच्या, आणि गंज सगळीकडे सारखा तपकिरी. खऱ्या बंदुकीची झीज एकसारखी नसते. गालाचा भाग गुळगुळीत असतो, चापाच्या आत बोट लागून चमक आलेली असते आणि कानाभोवती किंवा निपलभोवती आगीने खाल्लेले खड्डे असतात. ‘टॉवर’ची नक्कल करताना उलटी किंवा वाकडी अक्षरे कोरलेलीही दिसतात.

हे सगळे वाचेपर्यंत बंदूक साफ करू नका. चिंच, राख, पितळ उजळायची पावडर, पॉलिश पेपर, वॉर्निश यातले काहीही नको. पुसट ठसा एकदा घासला की गेला. पाटीवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवली तर न दिसणारे आकडे उमटतात, आणि त्याचा फोटोही चांगला येतो. लाल, बोटाला लागणारा गंज जिवंत असतो, तो मऊ सुती कापडाला पातळ मशीन तेल लावून पुसायचा. काळपट तपकिरी थर तसाच ठेवायचा, तोच धातू राखतो. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरते. दसऱ्याला पूजा करायची असेल तर ओले हळदकुंकू लोखंडाला न लावता दस्त्याजवळ सुपारीवर लावा. गोणपाट किंवा चामड्याच्या म्यानात गुंडाळून ठेवू नका, पावसाळ्यात ती ओल धरतात.

कायद्याचा भाग. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक शंभर वर्षांची झाली म्हणून सूट मिळत नाही. कलम ४५ मधली सूट जुन्या घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या हत्याराला आहे, पण एका अटीवर: दुरुस्त करून किंवा न करता ते बंदूक म्हणून वापरता येऊ नये. निपल नाही, घोडा तुटला आहे, एवढ्याने ही अट पुरी होत नाही, कारण तो घोडा बसवता येतो. ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. कोकणात शेतीसंरक्षणासाठी याच बंदुकीचे परवाने मिळतात ते त्याचमुळे. कर्नाटकातल्या कोडगू भागातल्या लोकांना जशी परंपरेने सूट आहे तशी महाराष्ट्रात नाही. बंदूक खरोखर निकामी आहे हे तुम्ही किंवा मी ठरवायचे नाही. पोलीस मुख्यालयातला आर्मरर किंवा न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतला बॅलिस्टिक विभाग पाहून अहवाल देतो, आणि तो अहवाल हातात असला तरच कलम ४५ कामाला येते. विनापरवाना बंदूक ठेवल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षे, कमाल पाच वर्षे आहे.

म्हणून आधी घरातले कागद पुन्हा शोधा. जुन्या परवान्याच्या पुस्तिकेत बोअर, बनावट आणि क्रमांक लिहिलेले असतात, म्हणजे ओळखीचाही तो सगळ्यात चांगला कागद. तो सापडो न सापडो, ठाणे अंमलदाराच्या नावाने लेखी अर्ज करा, फोटो जोडा आणि पोच घ्या. बंदूक स्वतःच गाडीत घालून ठाण्यात नेऊ नका. ते सांगतील तशी, त्यांच्या उपस्थितीत हलवा. मालक वारल्यावर त्याचे हत्यार विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद कलम २१ मध्ये आहे. मग वारस म्हणून परवाना मागता येतो: शहरात पोलीस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. एका व्यक्तीला दोनच बंदुका, आणि वारसाहक्काने आलेलीही त्या दोनांतच धरतात. जमा केलेले हत्यार ठरलेल्या मुदतीत सोडवले नाही तर ते सरकारजमा होऊ शकते. म्हणून परवान्याचा अर्ज जमा करतानाच द्या, ‘नंतर बघू’ म्हणू नका. गावच्या लोहाराकडे घोडा बसवायला नेऊ नका, दुरुस्तीलाही परवाना लागतो. कायमची निकामी करायची असेल तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या परवानगीने आणि परवानाधारक कारागिराकडूनच, आणि तेही ओळख पूर्ण झाल्यावर. नळीला भोक पाडल्यावर तिचे मोल परत येत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, त्यामुळे परदेशातल्या भावाला ती पाठवायचा विचार सोडा. खासगी माणसाला तिची निर्यात करता येत नाही. संग्रहालयाला द्यायची झाली तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, कोल्हापूरचा न्यू पॅलेस इथे आधी जाऊन तुलनेसाठी त्यांची शस्त्रे पाहा, आणि देण्यापूर्वी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्या.

शेवटचे काम पंचनाम्याचे. त्यात ‘एक जुनी बंदूक’ एवढेच लिहू देऊ नका. पुढे दहा बंदुकांच्या ढिगातून तुमचीच परत मिळावी यासाठी वर्णन पुरे लागते. तुमच्या बाबतीत ते साधारण असे असावे: ‘ठासणीची, टोपीच्या घोड्याची एकनळी लांब बंदूक. एकूण लांबी ५५ इंच, नळी ३९ इंच, तोंडाचा आतला व्यास अमुक मिलिमीटर, आत खाचा तीन किंवा गुळगुळीत. नळीला लोखंडी पट्टे तीन, बुड, चापकडे आणि पुढचे टोपण पितळी. पाटीवर मुकुट, इंग्रजीत टॉवर, साल अमुक, घोड्यामागे अक्षरे आहेत किंवा नाहीत. निपल आहे, टोपी नाही. गज आहे किंवा नाही. दस्त्याच्या डाव्या अंगाला चिरा एक.’ मोजलेले आकडे घाला, फोटोंच्या प्रती जोडा आणि प्रत्येक पानावर अंमलदाराची सही व शिक्का घ्या.